झेलायची जागा

त्या रविवारी व्हर्डेलनं माफी मागितली असती, तर एझेलच्या पदरात काय काय पडलं असतं, हे आधी मांडून घ्यायला हवं; कारण तो स्वतः मांडणार नव्हता. एझेल ब्रॉमेल आमच्या लिटल शिलो चर्चचा मुख्य डीकन. मुख्य डीकन फायद्यातोट्याचा विचार करत नाही, फक्त योग्य काय तेवढंच बघतो, असं त्याचं स्वतःविषयी ठाम मत होतं.

तर सगळ्यात आधी, तो बरोबर ठरला असता. बत्तीस वर्षांपूर्वी बाप, डीकन ईनस ब्रॉमेल, भरल्या चर्चमध्ये उभा राहिला आणि त्यानं आपल्या धाकट्या मुलीचं, व्हर्डेलचं, नाव नाचाचं गाणं गायल्याबद्दल चर्चमधून काढायला सांगितलं, तेव्हा अनुमोदनाला वर गेलेला पहिला हात एझेलचा होता. असा हात एकदा वर गेला की माणूस उरलेला जन्म त्याची राखण करत बसतो. व्हर्डेलनं एकदा सगळ्यांसमोर म्हटलं असतं, की ते गाणं पाप होतं, तर तो हात सुखानं खाली आला असता. शिवाय आईचं मन राहिलं असतं, आणि तेही एझेलच्या हातून. टेम्पी ब्रॉमेलच्या छातीत पाणी साठत होतं आणि डॉक्टर आता पुढच्या उन्हाळ्याबद्दल बोलत नव्हते. म्हातारीनं ईस्टरलाच बजावून ठेवलं होतं: "माझ्या मातीला सूर व्हर्डेल टाकेल. ती नसेल तर कुणीच टाकू नका. मुकं पुरा मला." आता जिचं नाव काढलंय तिला चर्चच्या छपराखाली सूर टाकता येत नाही, म्हणजे मंडळींनी झेलायचा पहिला हुंकार देता येत नाही, हा नियम. आणि मुख्य डीकनची आई मुकी पुरली गेली, तर मुख्य डीकनला समुद्रापासून फ्लोरेन्सपर्यंत तोंड दाखवायला जागा उरत नाही, हा व्यवहार.

खर्चाच्या बाजूला एझेलच्या नावावर काहीच नव्हतं. खर्च सगळा व्हर्डेलचा होता.

ऑगस्टमधला घरवापसीचा रविवार होता. नूअर्क, फिलाडेल्फिया, बाल्टिमोर, जिकडे जिकडे आमची माणसं पोटामागं गेली तिकडच्या नंबरपाट्या आवारात लागल्या होत्या. आदल्या वर्षीच्या वादळानं चर्चचं छप्पर नेलं होतं. नव्याला अजून लाकडाचा वास येत होता. प्रार्थना आटोपून मंडळी मागच्या जेवणघरात सरकत होती. बायकांच्या टोप्या एकमेकींना लागू नयेत म्हणून दारात मोठी सावधगिरी चालली होती.

व्हर्डेल दरवर्षीसारखीच बाहेर ओकखाली, आपल्या गाडीत, दोन्ही दारं उघडी टाकून बसली होती. ती दर ऑगस्टला यायची, चर्चच्या पायऱ्यांपर्यंतसुद्धा जायची नाही, आईनं आणलेलं ताट गाडीतच जेवायची आणि उजेड असेतो परतीला लागायची. बापाची शवपेटीसुद्धा तिनं याच झाडाखाली उभं राहून जाताना बघितली होती. यंदा आईला ताट घेऊन तेवढं चालणं शक्य नव्हतं.

गाडीपासून हाकेच्या अंतरावर एझेलचा मुलगा कॉर्लिस लोखंडी पातेल्यात बॉग ढवळत होता. कोंबडी, धुरावलेला सॉसेज आणि तांदूळ, भातात फावडं उभं राहील इतका दाट. तो मर्टल बीचच्या एका हॉटेलात स्वयंपाकी होता, म्हणून घरचं पातेलं त्याच्याकडं.

एझेल कोट न काढता उन्हातून आला.

"उकडत नाही का इथं?"

"उकडतं ना. पण आत तरी कुठं थंड आहे?" व्हर्डेल म्हणाली.

"टोपी तेवढी काढून ठेव. चर्चचं आवार आहे."

तिच्या डोक्यावर कापडी टोपी होती, पुढं चोच असलेली, वर किनाऱ्यावरच्या एका रेडिओ केंद्राचं नाव आणि एक नाचणारा खेकडा.

"ही टपालानं आली मला. इतकी वर्षं तुमचं गाणं वाजवतोय, म्हणाले, आपल्याकडून काहीतरी द्यायला हवं."

"आणि टोपी दिली."

"टोपी दिली. ऊन तर थांबतं, एझेल. तू काय दिलंस आजवर?"

कॉर्लिस पातेल्यावर वाकून हसला.

"तू भाताकडं बघ," एझेलनं त्याला सांगितलं आणि बहिणीकडं वळला. "मी भांडायला आलो नाही. तीन वाक्यं आहेत. मी चुकले. ते गाणं पाप होतं. मला परत घ्या. एवढं म्हटलंस की मी परत घेतल्याचा उजवा हात देतो, रेव्हरंड देतात, सगळे देतात, आणि तू आत. माच्या डोळ्यांदेखत."

"पहिलं म्हणते. तिसरंही म्हणते."

"मधलं म्हटल्याशिवाय पहिल्याला अर्थ काय?"

"बाबांना दुखावलं, त्याची माफी मागते. गुडघे टेकून मागते. आजपर्यंत कुणी विचारलंच नाही. पण गाणं..." तिनं टोपी काढली, मांडीवर ठेवली, खेकड्यावरून बोट फिरवलं. "मधलं वाक्य तू माझ्याबद्दल मागतोयस का बाबांबद्दल?"

"देवापुढं टाकायचा सूर होता तो. बाबांचा स्वतःचा. तू उचललास आणि पोरांना नाचायला दिलास."

"माझ्याकडं दुसरा होताच कुठं?"

एझेलनं घड्याळ बघितलं. "जेवणं लागली की बोलावणं येईल," म्हणाला. "मा आत बसलीय. तिचा चेहरा बघ आणि ठरव." आणि गेला. आईचा चेहरा मध्ये ठेवून जाणं ही चाल स्वस्त होती, हे त्यालाही कळत होतं. त्यानं ती तरीही केली.

कॉर्लिसनं पातेल्याच्या कडा खरवडल्या. मग म्हणाला, "आत्या, ती मोकळी जागा कशी राहिली गं? गाण्यातली."

"कसली जागा?"

"तू सुरुवातीला नुसता हुंकार देतेस, वाद्यं नाहीत, काही नाही. आणि थांबतेस. मग परत एकदा देतेस, परत थांबतेस. मग ढोल पडतो. आमच्याकडं हॉटेलात हे गाणं लागलं की गोरी माणसं काय करतात माहितीय? त्या जागेत थिजतात सगळी. जोडीदाराचा हात धरून, एक पाय उचलून. म्हातारी म्हातारी माणसं, बगळ्यांसारखी. ढोल पडला की सुटतात. त्यांना वाटतं, गंमत म्हणून ठेवलीय."

व्हर्डेल हसली नाही.

"फर्निचरच्या दुकानामागं खोली होती," ती म्हणाली. "तिथं रेकॉर्ड केलं. मला म्हणाले, काहीतरी देऊन सुरू कर, लोकांचे कान उभे राहिले पाहिजेत. मी डोळे मिटले आणि बाबांसारखा सूर टाकला. आणि थांबले. रेकॉर्डवाला म्हणतो, थांबलीस का पोरी? म्हटलं, झेलतायत ना. कोण झेलतायत? म्हटलं, मंडळी."

"मग?"

"ढोलवाला हसून हसून स्टुलावरून पडला. पुन्हा केलं, पुन्हा थांबले. मला थांबू नको म्हणाले, पैज लावली, दटावलं. पण जन्मापासून ऐकलेलं, कॉर्लिस. एकानं टाकायचा, सगळ्यांनी झेलायचा, मग पुढं. झेलल्याशिवाय पुढं जायला मला येतच नव्हतं. शेवटी वैतागले आणि म्हणाले, राहू दे भोक. दोन दोन भोकं." तिनं टोपी परत डोक्यावर चढवली. "इतकी वर्षं मी त्या गाण्यात थांबून आहे, आणि समोर बगळे."

"आत काय म्हणणार आहेस?"

"जाऊन उभी राहते. मधलं तोंडातून निघालं तर निघालं. मा मुकी पुरली जायला नको मला."

इकडे जेवणघरामागच्या स्वयंपाकघरात मधली बहीण लूडी ब्रॉमेल-गॉज मक्याची पोळी कापत होती. लूडीची परिस्थिती तिघा भावंडांत सगळ्यात सुखाची. एझेलला तिनं सांगितलं होतं, 'तू ढिला पडू नकोस.' व्हर्डेलला फोनवर सांगितलं होतं, 'तू वाकू नकोस.' दोन्ही दुकानांत तिचं खातं चांगलं चाललं होतं आणि कुणीच अजून वसुलीला आलं नव्हतं.

तिची एक गोष्ट मात्र कुणालाच माहीत नव्हती. दर रविवारी, चर्चहून घरी गेल्यावर, नवरा कोट टांगायला आत गेला की ती भांडी घासता घासता रेडिओची घुंडी देवाच्या केंद्रावरून हळूच किनाऱ्याच्या केंद्रावर न्यायची. दुपारच्या नाचाच्या कार्यक्रमाची सुरुवात ते लोक व्हर्डेलच्या 'शनिवारचे बूट'नंच करायचे, वर्षानुवर्षं, दुसरं काही लावलं तर समुद्रावरून फोन यायचे म्हणे. धाकट्या बहिणीचा अठरा वर्षांचा आवाज ती साबणाच्या पाण्यात हात घालून ऐकायची आणि संपला की घुंडी मागं. घुंडी किती फिरवायची हे तिच्या बोटांना अंधारातही सांगता आलं असतं. चर्चच्या स्वयंपाकघरातला रेडिओही तिनंच आणून ठेवला होता, भजनांसाठी.

टेम्पी ब्रॉमेल पंख्याशेजारी खुर्चीत बसली होती. जेवणघरात तिला उकडत होतं म्हणून आणून बसवलेली. पांढरा पोशाख, पांढरे हातमोजे, मांडीवर अंत्यविधीवाल्यांनी वाटलेला पुठ्ठ्याचा पंखा.

"लूडी, ते कसं आहे गं?"

"काय कसं, मा? बटाटे? घातलीय मोहरी."

"गाणं."

लूडीची सुरी थांबली. "मला काय माहीत?"

"तुला माहीत आहे," म्हातारी म्हणाली. "तू रविवारी माझ्याकडं येतेस ती कधी कधी गुणगुणत येतेस. भजन नसतं ते. मी ऐकलेलं नाही. तुझ्या बापानं रेडिओ तंबाखूच्या कोठारात नेऊन ठेवला तो तिथंच गंजला. तो गेल्यावर ऐकता आलं असतं. पण जिवंत माणसाचा शब्द मोडला तर निदान त्याच्याशी भांडता येतं."

"मग आज कशाला?"

"आज ती ते वाक्य म्हणून टाकेल. एझेलसाठी नाही, माझ्यासाठी. आणि एकदा चर्चसमोर ते पाप ठरलं, की मला ऐकता यायचं नाही. चर्चची आई म्हणून मान आहे माझा. ठरलेलं पाप कसं ऐकू? ठरायच्या आधी ऐकते."

लूडीनं भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं. वेळ होतच आली होती. तिनं दार लोटून घेतलं, हात पुसले आणि घुंडी फिरवली. कुठल्याशा गाडीच्या टायरांची जाहिरात चालली होती.

"हळू ठेवते," ती म्हणाली.

"मला काही ऐकू येत नाही."

"आणखी थोडा करते."

"लूडी, माझे कान ऐंशी पार झालेत. काय करायचं ते नीट कर."

लूडीनं आवाज वाढवला. दार लावलं होतं. त्यामुळं तिला धीर होता. वाढपाची खिडकी, जिच्यातून ताटं जेवणघरात सरकवतात, ती आत्ताच चहाचे जग द्यायला तिनं स्वतः उघडली होती, आणि ती तशीच सताड उघडी होती.

जेवणघरात रेव्हरंड पर्विस उभे राहिले. तरुण माणूस, फ्लोरेन्सहून नवीन आलेला, या घराण्याच्या भानगडीत आपला पाय कुठं पडतोय याची त्याला रास्त काळजी होती. सगळ्यांपुढं ताटं होती आणि कुणीच जेवत नव्हतं. कॉर्लिसला आत्याला बोलवायला पाठवलं होतं. आवार ओलांडून यायला वेळ लागतोच.

"सिस्टर व्हर्डेल येईपर्यंत," रेव्हरंड म्हणाले, "कुणीतरी सूर टाकावा."

सगळ्यांच्या नजरा एझेलकडं गेल्या. बाप गेल्यापासून लिटल शिलोत सूर एझेल टाकायचा. इथं एक गोष्ट सांगायला हवी, जी त्यानं बायकोलाही सांगितली नव्हती: त्याला तो येत नव्हता. डीकन ईनस सूर टाकायचा तेव्हा खालून, मातीतून काढल्यासारखा वर न्यायचा, धरून ठेवायचा, आणि शेवटाला काळोखात एखादी पायरी नसावी तसा तो एकदम खाली जायचा, पडायचा नाही, तिथंच कुठंतरी सावरायचा. ते सावरणं एझेलला बापाच्या मातीच्या दिवशीही सापडलं नाही. तेव्हापासून तो अंदाजानं टाकत होता आणि मंडळी भिडेनं झेलत होती. बापाचा आवाज कुणी कधी कशावर उतरवून घेतला नव्हता. बाप यंत्रासमोर बसणारा नव्हता. म्हणजे तो सूर या जगात उरला असेल, तर एझेलच्या गळ्यात, आणि तिथं तो नव्हता.

एझेलनं दोन्ही तळवे टेबलावर टेकले, छाती भरून घेतली.

आणि सूर आला.

त्याच्याकडून नव्हे. स्वयंपाकघराच्या बाजूनं. बाईचा आवाज, एकटा, मागं काही नाही. खालून उचलला, वर नेला, धरला. जेवणघरातले हातपंखे थांबले. शेवटाला तो त्या नसलेल्या पायरीवर आला, गेला खाली, आणि सावरला.

एझेलला वाटलं, आतल्या कुणा म्हाताऱ्या सिस्टरनं टाकला. खरं तर एवढंही वाटायला वेळ नव्हता. आमच्याकडं सूर टाकला गेला की तो कुणी टाकला हे विचारत नाहीत. पोर पाळण्यात असल्यापासून बाकाबाकावरून ते झेलणं छातीत उतरलेलं असतं, आणि छाती कानाच्या आधी उठते. एझेलनं झेलला. सगळ्यात आधी, सगळ्यात मोठ्यानं, डोळे मिटून. त्याच्या मागून डीकन हॅम्पनं, मग उजवीकडच्या बाकांनी, मग टोप्या घातलेल्या सगळ्या बायकांनी. खोल, संथ, एकमेकांत वितळत जाणारा तो जुना हुंकार, जणू जमीनच श्वास घेतेय. नव्या छपराची लाकडं थरथरली. ज्यांना बाप आठवत होता ते चेहरे वर झाले, आणि ज्यांनी त्याला कधी पाहिलं नव्हतं तेही त्याच बाजूला वळले.

सूर दुसऱ्यांदा आला, थोडा खालून. आता सगळं जेवणघर उभं होतं. नूअर्कची माणसं, जी वर्षाचे बाकी सगळे रविवार वातानुकूलित चर्चमध्ये काढतात, तीही. रेव्हरंड पर्विससुद्धा. जागा जेवढी होती तेवढी, काठोकाठ, भरली गेली.

दारात व्हर्डेलचा एक पाय आत आणि एक बाहेर होता. तिनं आधी स्वतःला ऐकलं. ते तिला नवीन नव्हतं. दुकानात, बसमध्ये, दुसऱ्याच्या गाडीतून ती पोरगी तिला अधूनमधून भेटायचीच. ती पोरगी सूर टाकायची आणि थांबायची, आणि त्या थांबण्यात नेहमी तेच असायचं, काही नाही. व्हर्डेल सवयीनं त्या काही-नाहीची वाट बघत होती. तिथं बाकांच्या बाक उठले. एझेलचा आवाज तिनं वेगळा ओळखला. चौकटीला हात लावून ती तशीच उभी राहिली, आणि तिच्या मागं कॉर्लिस, हातात ढवळायचं फावडं तसंच.

मग ढोल पडला.

गिटार, सॅक्सोफोन, टाळ्या, आणि ती अठरा वर्षांची पोरगी बिनदिक्कत सांगू लागली की रविवारच्या बुटांना कुलूप लावा, आज शनिवार आहे. सगळं जेवणघर तोंड उघडं ठेवून उभं होतं. कुणी कुणाकडं बघेना. टेबलाखाली डीकन हॅम्पचा उजवा पाय ताल धरत होता आणि तो पाय आपला नाहीच असा चेहरा डीकन हॅम्पनं धरला होता.

लूडी खिडकीकडं धावली, मग रेडिओकडं, मग कुठंच नाही.

"बंद करू नकोस," टेम्पीचा आवाज खिडकीतून आला. मग, थोड्या वेळानं, कुणाला उद्देशून नाही असा: "ईनस आहे तो. तिच्या गाण्याच्या पोटात शिरून बसलाय, किती वर्षं."

गाणं संपलं. निवेदक काहीतरी विनोद सांगू लागला तेव्हा लूडीनं घुंडी मागं फिरवली.

"डीकन ब्रॉमेल," रेव्हरंड पर्विस शेवटी म्हणाले, "सिस्टर आल्या आहेत. प्रश्न तुम्ही विचारायचा आहे."

एझेल टेबलाची कड धरून उभा होता.

"तू मध्ये थांबतेस," तो म्हणाला. "त्या गाण्यात."

"हो," व्हर्डेल म्हणाली.

"किती वेळ?"

"तुम्ही झेलेपर्यंत."

एझेलनं मान हलवली, सावकाश, एखाद्या बांधकामातला तिरकेपणा आपल्या मोजमापात कुठं राहून गेला ते सापडावं तशी.

"प्रश्न, डीकन," हॅम्पनं हळूच आठवण केली. पाय आता त्याच्या ताब्यात होता.

"प्रश्न विचारून झाला, हॅम्प. तिनं विचारला. उत्तर आपण दिलं. तू दिलंस. रेव्हरंडनी दिलं. मी तर तुमच्या आधी दिलं." तो टेबलाला वळसा घालून निघाला. "आता मधलं वाक्य कुणी म्हणायचं असेल तर आपण सगळ्यांनी म्हणायला लागेल. मला येत नाही म्हणायला. बाबांच्या सुराला पाप म्हणायला मला येत नाही."

"तो रेडिओ होता, ब्रदर," कुणीतरी मागून म्हणालं.

"माहीत आहे रेडिओ होता," एझेल म्हणाला. "तुला झेलताना माहीत होतं का?"

मागच्या बाकावर कुणीतरी खाली बसलं.

तो दारापर्यंत गेला. आमच्या रीतीप्रमाणं प्रश्नोत्तरं झाल्यावरच उजवा हात देतात. एझेलनं हात पुढं केला, तोच, अनुमोदनाचा. व्हर्डेलनं त्याच्याकडं बघितलं, मग हाताकडं, आणि घाई केली नाही. बत्तीस वर्षं झाडाखाली बसलेल्या बाईला घाई नसते. मग तिनं खेकड्याची टोपी काढली, कॉर्लिसच्या हातात दिली आणि हात धरला.

"आत ये," एझेल म्हणाला. "आणि पुन्हा टाक."

"आवाज गेला माझा. हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात वाफेनं खाल्ला. ती रेडिओवरची पोरगी निराळी, एझेल."

"पुन्हा टाक. मला येत नाही तो." एवढं त्यानं सगळ्यांसमोर म्हटलं. "मला कधीच आला नाही. तुम्ही सांभाळून घेतलंत."

लूडीनं खिडकीतून बघितलं, आणि तिच्या दोन्ही दुकानांतलं खातं त्या एका वाक्यात बंद झालं. एझेलला ढिला पडू नको म्हणणारी आणि व्हर्डेलला वाकू नको म्हणणारी बाई आता कुणाच्याच उपयोगाची नव्हती. तिनं पोळीचं ताट बाजूला सारलं आणि माची खुर्ची खिडकीशी ओढली.

व्हर्डेल आत आली, बापाच्या जागेपर्यंत नाही, दारालगतच्या बाकापाशीच थांबली. डोळे मिटले. पहिल्यांदा नुसतीच हवा निघाली. दुसऱ्यांदा आवाज निघाला, आणि तो रेडिओवरचा नव्हता. जाडसर, खरबरीत, पुरुषी खालच्या पट्टीतला. ती पोरगी उंचावरून बापाची नक्कल करत होती. ही आता बापाच्याच जमिनीवर उभी होती. सूर वर गेला, थांबला, त्या पायरीवर आला, खाली गेला. सावरला. पहिल्या बाकावरच्या एका नव्वदीच्या म्हाताऱ्यानं 'डीकन ईनस' म्हणून उठायला काठी शोधली.

मग मंडळींनी झेलला. मघाशी नकळत झेलला होता, आता कळून, आणि कळून झेललेल्याचं वजन वेगळं असतं. खिडकीपलीकडे टेम्पी ब्रॉमेलनं तोंड घट्ट मिटून ठेवलं होतं. तिला झेलायचा नव्हता, ऐकायचा होता. तो आपल्याला पलीकडं कसा पोचवणार आहे ते ती आधीच बघून घेत होती.

हिशेब संध्याकाळपर्यंत सगळ्यांना ठाऊक झाला. कॉर्लिसचा बॉग खाली लागला. बाल्टिमोरच्या लोकांनी तो जळका भागही खरवडून नेला, पण त्याला वर्षभर ऐकावं लागणार होतं. लूडीचा दुपारचा चोरटा रेडिओ गेला. आता तो सगळ्यांचा झाला, आणि सगळ्यांचा झाल्यावर त्यात साबणाच्या पाण्याची मजा उरली नाही. किनाऱ्यावरच्या केंद्राला काही कळलंच नाही. ते केव्हाच दुसऱ्या गाण्यावर गेले होते. एझेलनं आपलं बरोबर असणं दिलं, आणि दिल्यावर तो त्या उन्हात पहिल्यांदा कोट काढून बसला. टेम्पीला मातीचा सूर मिळाला, मुदतीआधी.

व्हर्डेल उजेड असेतो निघाली. ओकखाली गाडीची दारं लावताना तिला एझेलनं विचारलं, "तुझं काही राहिलं का द्यायचं?"

"माझं?" ती म्हणाली आणि टोपी चढवली. "माझं मी या झाडाखाली बसून आगाऊच भरत आले. दर ऑगस्टला."